धुतलेल्या पिशव्या आणि आत्याचा गोठा

समस्त तुंगार्लीकर, मावळवासी आणि शनिवार-रविवारी चिक्की न्यायला येणारे पाहुणे यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घरातून यापुढे एकही रिकामी पिशवी अंघोळ केल्याशिवाय बाहेर पडणार नाही. ती दुधाची असो, दह्याची असो वा फरसाणाची. रंग, रूप, किंमत पाहिली जाणार नाही. आधी अंघोळ, मग दोरीवर वाळणे, मग घडी, आणि त्यानंतरच घराचा निरोप.

हा ठराव माझ्या बायकोनं मांडला, तिनंच त्याला अनुमोदन दिलं आणि तिनंच तो मंजूर केला. मी त्या वेळी चहा करत होतो. दुधाची पिशवी फोडायला कात्री लावली, एवढ्यात माझं मनगट धरण्यात आलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं मनगट बायकोनं भल्या सकाळी धरलं, तर त्याच्या मनात जे येईल तेच माझ्याही मनात आलं. पण ती म्हणाली, "अहो, कोपरा पूर्ण कापू नका. तुकडा पिशवीलाच लटकू दे."

आमच्या संसाराला बसलेला हा पहिला धक्का. तो इवलासा तिकोना वेगळा झाला की कुणाच्या हाताला लागत नाही, कुठल्या यंत्रात जात नाही. तो मोरीतून नाल्यात जातो आणि नाल्यातून इंद्रायणीत. हे तिला नुकतंच कळलं होतं आणि मला त्या क्षणी कळत होतं. आजवर मी नदीला किती तिकोने वाहिले असतील, याचा विचार करता करता दूध उतू गेलं.

या सगळ्याची सुरुवात एका जांभळापासून झाली.

आमची गल्ली तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. काही बंगल्यांत आमच्यासारखी बारमाही माणसं राहतात, बाकीचे बंगले शनिवारी जागे होतात आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा झोपतात. घंटागाडी रोज सकाळी वेळेवर येते. तिला दोष देता येणार नाही. आमची गल्लीच वेळेवर उठत नाही. मग राहिलेल्या पिशव्या आणि पाहुण्यांनी सोडलेला पसारा असं सगळं एका बंद बंगल्याच्या भिंतीशी, जांभळाच्या झाडाखाली जमायचं आणि संध्याकाळी कुणीतरी त्याला काडी लावायचं. कोण, ते विचारायचं नाही असा अलिखित नियम होता. सगळेच कधी ना कधी ते 'कुणीतरी' असायचे.

तर मृगाच्या आसपास त्या झाडाला जांभळं लागली आणि फिरायला गेलेल्या माझ्या बायकोनं एक तोंडात टाकलं. ती घरी आली ती तोंडावर पदर दाबूनच. मला वाटलं, दात पडला. तिनं खळखळून चूळ भरली, पुन्हा भरली, आणि सांगितलं की त्या जांभळाला जांभळाची चव नव्हती. जळक्या पिशवीची चव होती. मी हसलो. मग मीही जाऊन एक खाऊन आलो आणि मीही चूळ भरायला धावलो. झाडाची आमच्याकडची पानं काळवंडलेली होती आणि त्यांना हात लावला तर बोटं चिकट होत होती. रोज त्या झाडाखालून जाणाऱ्या मला हे कधी दिसलं नव्हतं. धक्का क्रमांक किती, ते मोजणं मी तेव्हाच सोडून दिलं.

त्या रविवारी बायकोनं गल्लीतल्या सगळ्यांना आमच्या पोर्चमध्ये बोलावलं. भजी होती, त्यामुळे उपस्थिती उत्तम होती. तिनं जांभळाची हकीकत सांगितली आणि मग जाहीर केलं की तिचं एका कारखान्याशी बोलणं झालंय. तिथे जुनं प्लास्टिक वितळवून त्याच्या पाइपा, कुंड्या असं काहीबाही करतात. ते घ्यायला येतील, पण दोन अटी. माल स्वच्छ आणि कोरडा हवा, कारण एक दह्याची पिशवी सगळं पोतं नासवते. आणि एक टेम्पो भरेल एवढा हवा, उगाच मूठभरासाठी कुणी एवढ्या लांब येणार नाही. म्हणून दिवाळीपर्यंत कुणी जांभळाखालच्या कोपऱ्यात काडी लावायची नाही. आपापलं प्लास्टिक धुऊन, वाळवून आमच्याकडे द्यायचं.

"आणि दिवाळी झाल्यावर टेम्पो भरला नाही, तर कोपरा तुमचा आणि काडी तुमची," ती म्हणाली. "मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

माझ्या बायकोनं तोंड न उघडण्याची पैज लावणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते मलाच ठाऊक. पण गल्लीनंही ओळखलं असावं, कारण भज्यांवरचे हात थांबले.

फक्त समोरच्या बंगल्यातले काका हलले नाहीत. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. आवाज अजून फलाटावरचा आणि मतं वेळापत्रकासारखी, एकदा छापली की बदलत नाहीत. ते म्हणाले, "ताई, कचरा धुवायचा म्हणता? आज धुवा. उद्या त्याला पावडर लावायला सांगाल." सगळे हसले. काका पुढे म्हणाले की ते असल्या भानगडीत पडणार नाहीत, पण टेम्पो येईल त्या दिवशी स्वतः हजर राहून भरलेला बघतील, आणि नाही भरला तर कोपऱ्यातली पहिली काडी तेच लावतील. बायकोनं ते मान्य केलं.

झालं. सुरू झाला आमच्या घरचा धोबीघाट.

वाचकहो, आपल्या घरात किती प्लास्टिक येतं याचा अंदाज तुम्हाला नाही. मलाही नव्हता. डब्यात टाकलेलं प्लास्टिक दिसत नाही. दोरीवर वाळत घातलेलं दिसतं. दूध, तेल, रवा, पोहे, बिस्किटं, वेफर्स, शांपूची पुडकी, औषधांच्या पट्ट्या, ऑनलाइन मागवलेल्या बनियनची पिशवी आणि त्या पिशवीची पिशवी. आम्ही दोघंच राहतो, आणि आठवड्याची दोरी अशी भरली की लग्नघराला पताका लावल्यासारखं वाटावं. बायकोनं तीन पोती केली. एकात बाटल्या, डबे अशा टणक गोष्टी. दुसऱ्यात दुधातेलाच्या मऊ पिशव्या. तिसऱ्यात आतून चांदीसारखी चमकणारी वेफर्सची पाकिटं, कारण ती बाकीच्यांत मिसळलेली कारखान्याला चालत नाहीत. मी पहिल्याच दिवशी शांपूचं पुडकं मऊ पोत्यात टाकलं आणि माझ्यावर जी नजर पडली ती लग्नानंतर एकदाच पडली होती, सासऱ्यांना मी चुकून 'अहो बाई' म्हटलं होतं तेव्हा.

आणि ऐन पावसाळा. लोणावळ्यात पावसाळ्यात माणूस वाळत नाही, तिथे पिशवी कुठली वाळणार? दोरी हॉलमध्ये आली. टीव्ही बघायचा तर पिशव्यांमधून डोकावावं लागे. पुण्याहून आलेल्या माझ्या मेहुणीच्या केसांत दह्याची पिशवी अडकली आणि ती दचकून खुर्चीवर चढली. तिला ती वटवाघूळ वाटली. गल्लीतले लोक देतानाही 'वाळलंय हो अगदी' म्हणून देत आणि पोत्यात हात घातला की गार लागे. पंधरवड्यात गॅलरीतल्या पोत्यांना बुरशी धरली. बायको बुरशीकडे बघत बसली होती, आणि मी पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गल्लीतल्या प्रत्येकानं भरवसा ठेवून दिलेलं ते, आणि माझ्या दारात सडतंय, असं ती म्हणाली.

तेव्हा मला आत्या आठवली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. टाकव्याला राहते, एकटी. इंद्रायणी भाताची थोडी जमीन आहे, ती वाट्यानं लावते. म्हैस विकल्यापासून तिचा गोठा रिकामा होता. भिंती जाड, वर पत्रा, आत लाकडी माळा. भर पावसात त्या माळ्यावर ठेवलेली काडेपेटी पेटते अशी त्या गोठ्याची ख्याती. शिवाय कारखान्याचा टेम्पो येणार वडगावकडून, म्हणजे कान्ह्याला वळला की टाकवे. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "आन की लेका. गोठा रिकामाच हाय."

आम्ही पोती पुन्हा उघडली, बुरशीची वेगळी काढली, उरलेली पुसली, पंख्याखाली वाळवली आणि गाडीत घालून टाकव्याला गेलो. आत्यानं पडवीतच पोती उतरवून घेतली. गोठ्याच्या वाटेवर गुडघाभर चिखल होता, तिनं आम्हाला जाऊ दिलं नाही. बायकोनं तिला फार बारकाईनं समजावलं. तेव्हाचे शब्द मला नीट आठवतात, कारण पुढे ते फार महागात पडले.

"आत्याबाई, एवढं कोरडं राहायला हवं. ओल लागली की कामाचं नाही. जमिनीवर नका ठेवू, माळ्यावर ठेवा. पत्रा गळतो तिथं तर मुळीच नको."

आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं जसं पट्टीच्या आचाऱ्याला कुणी मीठ दाखवावं. "अगं बाय, मला शिकीवतीस व्हय? माजा सारा जलम ह्यातच ग्येला."

बायको परतीच्या वाटेवर भारावून गेली होती. बघा, म्हणाली, एक शब्द जास्त बोलावा लागला नाही. नाहीतर आपली गल्ली.

मग आमच्या खेपा सुरू झाल्या. गाडीत पोती न्यायची, पडवीत उतरवायची, चहा प्यायचा. आत्या कधीच आम्हाला रिकाम्या हातानं परत पाठवत नसे. कधी अळूची पानं, कधी काकड्या, कधी पिशवीभर इंद्रायणी तांदूळ, आणि तो तांदूळ दर वेळी वेगळा असे, एकदा जरा जाड, एकदा जरा जुना. आत्याची माया, असं आम्ही म्हणायचो आणि भात खायचो. गल्लीला हे कळल्यावर तर गल्लीतल्या बायका जास्तच मन लावून पिशव्या धुऊ लागल्या.

गावातली माणसंही आम्हाला ओळखू लागली. गाडी गावात शिरली की पारावरचे आबा हात वर करत. एक मावशी तर चक्क गाडी थांबवून म्हणाली, "ताई, फुडची खेप कदी? तुमच्या पिशव्या लय चांगल्या असत्यात." बायकोनं काच खाली करून तिचा हात धरला. घरी आल्यावर तिनं हा किस्सा गल्लीत सांगितला आणि वर म्हणाली की खेड्यातल्या माणसांना जे समजतं ते आपल्या शिकलेल्यांना समजत नाही. काकांनी ते ऐकलं आणि घसा खाकरून आत निघून गेले.

आता काकांविषयी एक गोष्ट. दर सोमवारी आमच्या फाटकाला एक पिशवी अडकवलेली असे. देणारा अज्ञात. पिशवीत बिस्किटांची आणि औषधांची पाकिटं, धुतलेली, कोरडी, आणि प्रत्येकाची तिकोनी घडी, समोशासारखी. एकही कड बाहेर नाही. दोन घड्या शेजारी ठेवल्या तर मापात तसूभर फरक नाही. बायको त्या दात्याला 'समोसेवाले' म्हणू लागली. हे कोण, यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. आम्ही टोकाच्या बंगल्यातल्या चित्रकार बाईंवर ठपका ठेवला. काकांचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. काका दर रविवारी कोपऱ्याशी उभे राहून तिथली राख पायानं उकरायचे आणि 'दिवाळी येऊ द्या' म्हणायचे.

गणपती गेले, दसरा गेला. कोपऱ्यात एकदाही धूर झाला नाही. जांभळाला खालच्या अंगाला कोवळी पालवी फुटली, ती बायको सगळ्यांना बोट धरून नेऊन दाखवायची. आत्याला मात्र फोनवर बोलताना खोकल्याची उबळ यायची. हवा बदलली, ती म्हणायची. आम्हीही म्हणायचो, हवा बदलली.

दिवाळी झाली आणि टेम्पोचा दिवस आला.

सकाळची थंडी, रस्त्यावर धुकं. काका माकडटोपी घालून पुढच्या सीटवर बसले. मागे बायको, नवी साडी नेसलेली, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. टेम्पोवाल्यांना द्यायला. कान्ह्याच्या वळणावर टेम्पो उभा होता, भलामोठा, रिकामा. तो पाहून काका म्हणाले, "एवढा भरणार?" बायकोनं मांडीवरचा बॉक्स सरळ केला. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. दहावीच्या निकालाला निघालेल्या मुलीचा असतो तसा.

टाकव्यात शिरलो तेव्हा घराघरांतून धूर निघत होता. थंडीच्या दिवसांत मावळात सकाळी हे दृश्य नेहमीचंच. प्रत्येक दारात पाण्याचा बंब, तांब्याचा नाहीतर पत्र्याचा, आणि त्याच्या नळकांड्यातून वर चढणारा धूर. धुकं आणि धूर मिसळून गाव फार सुंदर दिसत होतं. मी तसं म्हणणारही होतो. एवढ्यात बायकोनं नाक वर केलं.

"हा वास," ती म्हणाली.

काकांनीही काच थोडी उघडली आणि लगेच बंद केली. मलाही आला. तो वास आम्हा तिघांनाही पाठ होता. आमच्या कोपऱ्याचा वास.

आत्या दारात उभी. पाहुणे येणार म्हणून तिनंही बंब पेटवून ठेवला होता, हातपाय धुवायला कढत पाणी. बंबाच्या तोंडातून काळा, जाड धूर येत होता आणि आत्या त्यात खोकत, हसत आमचं स्वागत करत होती. बायको तिच्या पाया पडली नाही. ती सरळ गोठ्याकडे गेली. चिखल आता वाळला होता, अडवणारं काही नव्हतं. तिनं दार ढकललं.

गोठा रिकामा होता.

रिकामा म्हणजे झाडून, सारवून, लख्ख रिकामा. माळ्यावर काही नाही. खाली काही नाही. मधोमध एक कोंबडी बसली होती, ती आम्हाला बघून उठून गेली. टेम्पोवाल्यानं तोवर मागचं फाळकं खाली पाडलं होतं. काका माझ्या शेजारी उभे होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

"आत्याबाई," बायकोचा आवाज अगदी बारीक झाला होता, "पिशव्या कुठे आहेत?"

"सपल्या की," आत्या म्हणाली. "लय पुरल्या पर. आख्खा पावसाळा निगाला."

मग तिनं सांगितलं आणि आम्ही ऐकलं. मला अजूनही ते सगळं जसंच्या तसं ऐकू येतं. यंदा पाऊस सरता सरेना. लाकडं ओली, गोवऱ्या ओल्या. बंब पेटत नाही, चूल पेटत नाही, घराघरांत बाया फुंकणी फुंकून बेजार. अशा वेळी आमची पोती म्हणजे देवानं धाडल्यासारखी. पिशवी बंबाच्या तोंडाला लावायची, काडी दाखवायची, भडका. दुसऱ्यांकडच्या पिशव्या दह्याताकाच्या, चिकट. त्या तडतडतात, विझतात. आमच्या कशा एकसारख्या, कोरड्या. मग एकट्या आत्यानं कुठे वापरायच्या? तिनं घरोघर वाटल्या, आणि प्रत्येक घरी माझ्या बायकोचं नाव सांगून. ज्यांना दिल्या त्यांनी परत काही ना काही दिलं. कुणी काकडी, कुणी अळू, कुणी तांदूळ.

दर वेळी वेगळा लागणारा तो तांदूळ माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

इथे मावळाबाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी प्रत्येक घर सरपण भरतं. सरपण कोरडं ठेवायचं, जमिनीवर नाही, माळ्यावर रचायचं, गळत असेल तिथं तर मुळीच नाही. घरातली बाई आयुष्यभर हेच करते आणि सुनेला हेच सांगते. भर पावसात ज्याच्या घरी कोरडं जळण संपलं त्याला शेजाऱ्यानं मूठभर द्यावं, यापरता उपकार नाही. माझ्या बायकोनं पडवीत उभं राहून आत्याला जे काही समजावलं होतं, त्यातला शब्द न् शब्द सरपणाचा होता. वितळवणं, कारखाना, यातलं काही ती बोललीच नव्हती. तिला वाटलं, ते तर उघडच आहे. आत्यालाही जे समजलं ते इतकं उघड होतं की तिनं विचारलं नाही.

"समद्या न्हाई सपल्या," आत्या म्हणाली. आमच्या चेहऱ्यांवरून तिला वाटलं असावं की आम्हाला परत हव्यात. ती घरात गेली आणि उतरंडीमागून एक लहान पोतं घेऊन आली. "ह्या तेवढ्या राबाला ठिवल्यात." राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजून घेतात ते. तिनं पोत्यात हात घातला आणि तिकोनी घड्यांची ओंजळ बाहेर काढली. "ह्या काय रोजच्या जाळवंनात. कुनी घडी घातली कुनास ठावं, पर मान मोडून काम केलंया."

काका पुढे आले. त्यांनी हातमोजा काढला, ओंजळीतली एक घडी उचलली, चिमटीत फिरवून पाहिली. मग पोत्यात डोकावले आणि त्यांचा फलाटावरचा आवाज एकदम वेटिंग रूममध्ये गेल्यासारखा झाला.

"एवढ्याच राहिल्या? बाकीच्या माझ्या कुठे गेल्या?"

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. आम्ही दोघांनी काकांकडे पाहिलं. माकडटोपीतून दिसत होतं तेवढं तोंड लालबुंद झालं होतं. समोसेवाले सापडले होते, आणि नेमके अशा दिवशी की हसायचीही सोय नव्हती. आत्यानं बंबाकडे बोट दाखवलं. काका त्या काळ्या धुराकडे बघत राहिले, जसं कुणी आपल्या हातचं विणलेलं स्वेटर उसवताना बघतं.

पुढे काय झालं ते आताच सांगून टाकतो, कारण शेवटचं वाक्य माझं नाही. टेम्पो त्या एका लहान पोत्यावर परत गेला, शिवाय आमच्या डिकीत त्या दिवशीची खेप होती तेवढी. टेम्पोवाल्यांनी पेढे मात्र सगळे घेतले. पैजेप्रमाणे बायको हरली होती आणि गाडीत ती एक शब्द बोलली नाही. गल्लीत उतरल्यावर सगळे फाटकाशी जमले होते. हकीकत काकांनी सांगितली, बायकोनं नाही. टेम्पो भरला का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा काका म्हणाले की गाडी लेट आहे, रद्द नाही. कोपऱ्यात काडी लागली नाही. सगळा माल आता काकांच्या गॅरेजमध्ये राहतो आणि त्यांची मोटार पावसात उभी असते. जांभळाखाली त्यांनी स्वतः कुंपण घातलं आहे. आणि टाकव्याला आम्ही अजूनही पोती नेतो, पण त्यांत गल्लीतल्या बंगल्यांतल्या नारळांच्या शेंड्या आणि करवंट्या असतात, वाळवलेल्या. त्यांचं कोरडं जळण आपण बंद केलं, तर दुसरं द्यायला नको का, हा बायकोचा हिशेब. आत्याचा खोकला कमी झालाय, पण गेला नाही. दवाखान्यात नेलं की डॉक्टर अजून विचारतात, चूल कशावर पेटवता, आणि ती बायकोकडे बघते.

पण त्या दिवशी, गोठ्याच्या दारात, बायको रडत नव्हती आणि रागावलीही नव्हती. तिनं आत्याला पडवीत बसवलं, स्वतः तिच्यापुढे उकिडवी बसली आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. जांभळाची चव सांगितली. त्या धुरात काय असतं ते सांगितलं. दसऱ्यापासूनचा खोकला हवा बदलल्याचा नाही, या पिशव्यांचा असेल, असं सांगताना तिनं आत्याचा हात धरला. या पिशव्या जाळायच्या नव्हत्याच, म्हणाली, वितळवून त्यांच्या कुंड्या, पाइपा व्हायच्या होत्या.

आत्या ऐकत गेली. एकदा तिनं बंबाकडे पाहिलं, उठली, आणि तांब्याभर पाणी त्याच्या तोंडात ओतलं. चर्र झालं. मग ती गावाकडे वळून बघू लागली, त्या सगळ्या घरांकडे, जिथं जिथं तिनं माझ्या बायकोचं नाव सांगून पिशव्या वाटल्या होत्या आणि जिथून अजून धूर येत होता. तिचा हात तोंडावर गेला. मग ती बायकोकडे वळली, रिकाम्या तांब्यासकट, आणि एवढ्या जोरानं बोलली की टेम्पोत बसलेल्यांनीही माना वळवल्या:

"अगं बाय, जाळायच्या न्हवत्या, तर मग धुतल्यास कशापायी?"